हरवलेली किल्ली
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजवर या व्यासपीठावरून मी उपदेशच केला. आज एक चूक कबूल करावयाची आहे.

गेल्या आषाढात आम्ही सहकुटुंब पुण्याहून मोटारीने लोणावळ्यास भुशी धरण पाहावयास गेलो. वाफेच्या इंजिनांसाठी रेल्वेने बांधलेले हे धरण पावसाळ्यात भरले म्हणजे पायऱ्यांवरून वाहू लागते. चिरंजीवांनी मोटारीची किल्ली मजपाशी दिली होती. पायरीवर मी वाकलो मात्र, सदऱ्याच्या खिशातून ती पाण्यात पडली व दिसेनाशी झाली. दहा वर्षांचा नातू तिच्यामागे झेपावला. मी त्याचा दंड घट्ट धरला. ३० जून २०२४ रोजी याच धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच माणसे वाहून गेली होती. किल्ली दुसरी मिळते. माणूस मिळत नाही.

दुसरी किल्ली होतीही, पण पुण्यास, कपाटात! हल्लीच्या बहुतेक मोटारींच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असते. तिची खूण गाडीतील यंत्रणेस पटल्यावाचून इंजिन चालू होत नाही. बाजारातील कारागिराने कानशीने घासून दिलेली किल्ली फार तर दार उघडील. चिरंजीव लोकलने सुमारे ६४ किलोमीटर पुण्यास गेले व रात्री दहाला परतले. तोवर आम्ही ओलेत्यानेच स्टेशनवर बसलो होतो. कोरडे कपडे आणि सौभाग्यवतींची औषधे बंद गाडीत. नातवास हुडहुडी भरलेली.

परत आल्यावर चिरंजीवांनी एवढेच विचारले, “बाबा, तुम्हांला थंडी नाही ना वाजली?” दोषाचा एक शब्द नाही. बंधुभगिनींनो, पेन्सिल हरविली म्हणून ज्यांच्या हातांवर मी छड्या मारल्या, ते विद्यार्थी त्या रात्री मला एकेक आठवले. मान वर करवेना.

म्हणून अनुभवाचे चार शब्द. प्रवासात दुसरी किल्ली बरोबर घ्यावी, पण ती दुसऱ्याच्या खिशात असावी. पाण्याजवळ जाताना किल्ली गुंडीच्या आतल्या खिशात ठेवावी. औषधे गाडीत न ठेवता अंगाबरोबर बाळगावीत. आणि इतके करूनही किल्ली हरविलीच, तर तिच्यापायी कोणी पाण्यात उतरू नये व कोणी कोणास बोलू नये. हे शेवटचे मला माझ्या मुलाने शिकविले.