काळ्या दाण्यांची बाजरी

(घाटकोपर, मुंबई येथे माण-खटाव भागातील ग्रामस्थांपुढे केलेल्या भाषणावरून)



आपण घाटकोपर-मुलुंडला राहत असलात, तरी आपल्यापैकी अनेकांची जमीन गावाकडे आहे आणि दिवाळीच्या सुमारास तिकडून बाजरीचे पोते घरी येते. या पोत्यातून पिकाचा रोग ताटापर्यंत कसा येतो, ते आज सांगणार आहे.

बाजरी फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले व रिमझिम लागली, की काही कणसांवर मधासारखे गुलाबी, चिकट थेंब दिसतात. हा अरगट रोग होय. पुढे त्या जागी दाण्याऐवजी काळपट, टणक बुरशीची गाठ तयार होते. फुलातील कुक्षीवर पराग लवकर पडला तर ती सुकते व बुरशीला वाट मिळत नाही. पावसाने पराग धुऊन गेला तर मात्र बुरशीचे फावते. उशिरा पेरलेली बाजरी अशा हवेत सापडली, की नुकसान अधिक होते.

उत्पन्न घटते हे आपण जाणताच. परंतु त्या काळ्या गाठींत विषारी अल्कलॉइड असतात. जुन्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात अशी बाजरी खाऊन अनेकांना विषबाधा झाली होती. पटेल, बोमन व दलाल या डॉक्टरांनी तिचा अहवाल १९५८ साली वैद्यकीय नियतकालिकात दिला. त्याच सुमारास भिडे व हेगडे या संशोधकांनी राज्यातील बाजरीवरच्या अरगटाची नोंद केली होती. रोग एकच, पण त्याकडे शेताच्या आणि दवाखान्याच्या अशा दोन्ही बाजूंनी पाहिले गेले, हे मला महत्त्वाचे वाटते.

भाकरी खाल्ल्यावर काही तासांत मळमळ, उलट्या, चक्कर व गुंगी आली, तर अरगटाची शंका घ्यावी. डॉक्टरकडे जाताना उरलेले धान्यही सोबत न्यावे. डॉक्टर बाजरीबद्दल विचारतीलच असे नाही.

उपाय स्वस्त आहे. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी ओतावी व ढवळावी. बुरशीच्या गाठी व पोचट दाणे तरंगतात. ते काढून जमिनीत खोल पुरावेत. तळाचे दाणे स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवावेत. बियाण्यासाठी हे करावेच, पण धान्यात काळ्या गाठी दिसल्या तर खाण्याच्या बाजरीलाही करावे. मात्र दळण गिरणीत टाकण्यापूर्वी. पीठ झाल्यावर गाठी निवडता येत नाहीत. खाद्यान्नाच्या नियमात अरगटाची मर्यादा ०.०५ टक्के, म्हणजे क्विंटलला ५० ग्रॅम, इतकी थोडी आहे. आणि एक विनंती: औषध चोळलेले उरलेले बियाणे धुऊनही खाऊ नये.

पोत्यासोबत शेंगाही येतात. त्यांचा प्रश्न निराळा व अधिक गंभीर आहे. अस्परजिलस बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही, मिठाच्या पाण्याने निघत नाही, भाजल्यानेही पुरते जात नाही. १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल भागात पावसाने भिजलेला, बुरशी आलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. हे विष यकृतावर घाला घालते आणि अनेक वर्षे थोडे थोडे पोटात गेले तर यकृताचा कर्करोगही होऊ शकतो.

म्हणून शेंगा गावीच चांगल्या खडखडीत वाळवाव्यात. मुंबईच्या पावसाळ्यात चाळीतल्या ओलसर भिंतीला टेकवून पोते ठेवू नये. फळीवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. पुरवठा थोडा थोडा मागवणे उत्तम. फुटके, सुरकुतलेले, रंग पालटलेले दाणे निवडून टाकावेत. कडवट लागलेला दाणा तोंडातून थुंकावा, पुढे चावू नये. असा टाकाऊ माल किंवा बुरशी आलेली पेंड जनावरांना घालण्याचा मोह होतो. परंतु दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या विषाचा काही अंश दुधात उतरतो, आणि ते दूध घरातील लहान मुलेच अधिक पितात.