सृष्टिकथेंतील ख्रिस्त

बायबलांतील सृष्टीच्या कथेंत ख्रिस्ताचें नांव कोठेंहि नाहीं. तरी ख्रिस्ती वाचकांस तिच्यांत तोच दिसतो. योहानानें आपल्या शुभवर्तमानाचा आरंभ मुद्दाम त्या कथेच्याच पहिल्या शब्दानें केला. पौलानें आदामास येणाऱ्या ख्रिस्ताचें पूर्वचिन्ह मानिलें. एका वृक्षापाशीं झालेलें पाप क्रूसाच्या काष्ठावर फिटलें, असें जुन्या आचार्यांनीं सांगितलें.

हीच दृष्टि मराठी ओवींतहि उतरली. इंग्लंडांतून गोव्यास आलेले जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें छापिलें गेलें. त्यांतील पहिल्या पुराणांत सृष्टि, पतन आणि तारकाचें वचन आहे. दुसऱ्यांत त्या वचनाची पूर्ति आहे.

परंतु मूळ कथा यहुद्यांची. कोंकणांतील बेने इस्राएलांच्या प्रार्थनामंदिरांतहि ती पवित्र म्हणून वाचली जाते; तेथें तिच्यांत ख्रिस्त नाहीं. मग खरें वाचन कोणाचें? अक्षरें दोघांचीं एकच. प्रतीक मात्र श्रद्धेच्या डोळ्यांस दिसतें. म्हणून सांपडलेला अर्थ भक्तानें निःशंक जपावा. परंतु तो न पाहणारा आंधळा आहे, असें कधींहि म्हणूं नये.