रोख खेळाडूनेच धरावा



गोल्फचे नियम मदतीच्या बाबतीत आज बरेच उदार आहेत. 2019च्या सुधारित नियमांनी अंतर मोजणारी उपकरणे सर्वसाधारणपणे खुली केली. कोणता क्लब घ्यावा, वारा किती धरावा, ग्रीनचा उतार कुठे वळतो, हे सारे कॅडीला विचारता येते. मात्र पाय नीट रोखात यावेत म्हणून जमिनीवर क्लब आडवा ठेवून त्याच्या आधाराने स्टान्स घेतला, तर स्ट्रोक प्लेमध्ये दोन स्ट्रोकचा दंड होतो आणि मॅच प्लेमध्ये ते होलच हातचे जाते. मागे सरून क्लब उचलला तरी दंड टळत नाही. अनेकांना यात विसंगती दिसते. मला त्यात खेळाची व्याख्या दिसते. कुठे मारायचे, हे ठरवताना सल्ला चालतो; तिकडे तोंड करून उभे राहणे मात्र खेळाडूचे स्वतःचे कसब आहे आणि त्याचीच तर परीक्षा असते.

नियम 10.2बीचा तपशील पाहिला की हे स्पष्ट होते. जॅक निकलस चेंडूच्या थोडे पुढे, लक्ष्याच्या रेषेतला एखादा ठिपका हेरून त्यावर नेम धरत. ते आजही वैध आहे, कारण तो ठिपका मैदानावर आधीपासून असतो आणि तो शोधते खेळाडूची नजर. चेंडूमागे क्लबचे डोके टेकवून स्टान्समध्ये येणेही चालते. बंदी आहे ती मुद्दाम मांडलेल्या वस्तूच्या आधाराने शरीर जुळवण्यावर.

यावर पहिला आक्षेप असा, की चेंडूवर आखलेली रेघ आणि पटरवरच्या खुणा चालतात, मग जमिनीवर ठेवलेल्या क्लबने किंवा काठीनेच काय बिघडवले? सीमारेषा इथे बारीक आहे, हे मान्य करायला हवे. पण ती रेघ चेंडूची दिशा सांगते. पाय, कंबर आणि खांदे त्या दिशेशी जुळले की नाही, हे सांगत नाही. शिवाय गोल्फमध्ये बहुतेक वेळा पंच शेजारी नसतो. खेळाडूला स्वतःवरच नियम लावावा लागतो. ‘वस्तू मांडून स्टान्स घेऊ नये’ ही कसोटी कोणालाही स्वतःपुरती लावता येते.

दुसरा आक्षेप कठोरपणाचा. जानेवारी 2019मध्ये दुबईतील स्पर्धेत शेवटच्या होलवर गोल्फपटू ली हाओतोंग स्टान्स घेऊ लागला तेव्हा त्याचा कॅडी चेंडूमागे रेषेत उभा होता, आणि हाच नियम त्यालाही मनाई करतो. दोन स्ट्रोकच्या दंडाने तो संयुक्त तिसऱ्या क्रमांकावरून संयुक्त बाराव्यावर गेला. टीका रास्त होती आणि ती ऐकलीही गेली: फेब्रुवारीतच गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांनी खुलासा करून, कॅडीच्या बाबतीत मागे हटून नव्याने स्टान्स घेण्याची ग्रीनपुरती असलेली मुभा संपूर्ण मैदानाला लागू केली. दुरुस्ती झाली ती अंमलबजावणीची. कॅडीने खेळाडूला रोखात उभे करू नये, हे तत्त्व कायम राहिले. ते तत्त्व आंधळेही नाही. 2023पासून मुख्य नियमांचाच भाग असलेला नियम 25 दृष्टिहीन खेळाडूला स्टान्स घेताना आणि रोख धरताना मदत घेऊ देतो. ज्या कसोटीला नजर लागते, ती नजर नसलेल्यावर लादायची नाही, एवढा विवेक त्यात आहे.

म्हणून प्रशिक्षकांना माझी विनंती आहे. सराव मैदानावर अलाइनमेंट स्टिक, म्हणजे रोख जुळवण्याची काठी, अवश्य वापरा, रोज वापरा. फेरीत ती बॅगेत राहिली तरी हरकत नाही, पण ती वापरता येत नाही, हे शिष्याला पहिल्याच आठवड्यात सांगा. आणि सरावाच्या प्रत्येक सत्रातले शेवटचे काही फटके काठी उचलून मारायला लावा. स्पर्धेत त्याला तसेच उभे राहायचे आहे.