तान्ह्याची झोप
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



चिटणिसांनी आम्हांस ‘मुलांचे शिक्षण’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. परंतु सारा जन्म शाळेत घालविल्यावर आमची अशी खात्री झाली आहे की, मुलाचा पहिला धडा शाळेत नव्हे, पाळण्यात असतो. तो धडा म्हणजे आपले आपण झोपी जाण्याचा. सबब त्यावरच दोन शब्द बोलतो.

हा विषय आम्हांस का सुचला, ते आधी सांगितले पाहिजे. आमच्या आधी मातोश्रींना एक मुलगा झाला होता. ते निजामी अमदानीचे, १९४८ पूर्वीचे दिवस. कापूसवेचणीच्या हंगामात बाभळीला झोळी बांधून माउली कामास लागे. आणि बाळाने निजून राहावे म्हणून त्याच्या जिभेवर मोहरीएवढी अफू ठेवी. चालच तशी होती. एके सायंकाळी ते मूल झोळीतून उठलेच नाही. मातोश्रींनी ही हकीकत आम्हांस जन्मात एकदाच सांगितली.

त्यांस दोष देण्याचे आमचे धाडस नाही. १९२० नंतरच्या काळात मुंबईच्या गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा तेथेही तान्ह्यांना अफूच्या गोळ्या देण्याची चाल सर्रास आढळली. आईला काम सोडता येत नव्हते आणि बाळाजवळ बसणारे कोणी नव्हते, हेच दोन्हीकडचे कारण. अफूने येते ती झोप नव्हे, गुंगी होय. तीत श्वास मंदावतो आणि भूकही मरते. १९८५ च्या कायद्याने विनापरवाना अफू बाळगणे हा गुन्हा ठरला आहे. तरी गुंगी आणणारे कोणतेही औषध आपल्या मनाने बाळास देऊ नये, हे सांगणे अवश्य आहे.

मग बाळाने झोपावे कसे? नवजात बाळ दिवसरात्र मिळून सुमारे सोळा तास झोपते. परंतु दोन-तीन तासांच्या तुकड्यांनी. त्याचे पोट लहान, म्हणून भूक वारंवार. रात्र आणि दिवस यांतील भेद त्यास पहिले दोन-तीन महिने उमगत नाही. या काळात रडले की उचलावे, पाजावे. उचलल्याने मूल लाडावते, ही समजूत निराधार आहे. मात्र दिवसा घरात उजेड व नेहमीची वर्दळ असू द्यावी; रात्री दिवा मंद करून बोलणे थोडे ठेवावे. त्यातूनच त्यास रात्र कळू लागते.

तीन-चार महिन्यांनंतर धडा सुरू करावा. पोट भरले, डोळे जड झाले, परंतु अद्याप जागे आहे, अशा वेळी त्यास खाली ठेवावे. जवळ बसून हलकेच थोपटावे, ओवी म्हणावी. जनाबाईंच्या गंगाखेडच्या या जिल्ह्यात ओवीला काय तोटा! थोडे कुरकुरले तर क्षणभर थांबावे. रडू लागले तर जवळ घ्यावे. रडवून शिकविणे हे शिक्षण नव्हे, हे आम्ही छडी हाती धरल्यानंतर पुष्कळ वर्षांनी शिकलो.

बाळास नेहमी उताणे निजवावे. १९९० नंतर पाश्चात्त्य देशांत हा उपदेश घरोघर पोहोचला आणि झोपेत दगावणाऱ्या तान्ह्यांची संख्या निम्म्याच्या आसपास आली. अंथरूण सपाट व घट्ट असावे. राईची उशी नको, तोंडावरून गोधडी नको, खोलीत धुरी नको. झोळीत मान छातीवर दुमडून श्वास अडण्याचा संभव असतो. म्हणून झोळीतले मूल नजरेआड होऊ देऊ नये.

परंतु नजर ठेवावी कोणी? खरा प्रश्न हाच आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामावर सहा वर्षांखालील पाच मुले असतील तर त्यांना सांभाळण्यास एक बाई नेमावी, अशी तरतूद करण्यात आली होती. खाजगी शेतावर अशी बाई कोण नेमणार? म्हणून आमची नम्र सूचना अशी की, वेचणीच्या हंगामात प्रत्येक गावी आपल्या समाजातील दोन वृद्धांनी आळीपाळीने बाळांजवळ बसावे. मूल कोणत्या ज्ञातीचे, हे विचारू नये.

आमच्या गावच्या यादीत पहिले नाव आमचे लिहावे. आम्ही निवृत्त आहोत, आणि थोरल्या भावाजवळ बसावयाचे आमच्या घरचे काम तेवढे राहून गेले आहे.