हिशेब आखाडाचा करा
(आहुपे येथे ग्रामस्थांपुढे केलेले भाषण)



वीज म्हटली की आपल्याला खांब आणि तारा आठवतात. पण घाटमाथ्यावर तार येते ती रान ओलांडून, डोंगर चढून. आखाडात एखादे झाड पडले की ती तुटते. वाट निसरडी, वर दाट धुके. वायरमन तरी काय करील? आणि नेमक्या त्याच दिवसांत दिवा हवा असतो. साप-विंचू तेव्हाच घरात शिरतात. रात्री-अपरात्री बाळंतीण अडते. म्हणून लांबच्या वाडीने आपली वीज आपणच करावी, हा विचार चांगला आहे. पण सोलरच्या प्लेटा आणि पवनचक्की आणून उभी केली की झाले, असे नाही बरं का.

विकणारा माणूस उन्हाळ्यात येतो. लख्ख उन्हात दिवा लावून दाखवतो. आपण खूश होतो. तेव्हा त्याला विचारा, "बाबा, आखाडात काय?"

एक किलोवॅटच्या प्लेटा चांगल्या उन्हात दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतात. आठ महिने त्यांवर वाडीचे भागते. पण पावसाळ्यात इथे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. धुके बसले तर एक युनिटही मुश्किलीने मिळते. मात्र त्याच दिवसांत कोकणातून वारा उठतो आणि कड्यावरून वर येतो. छत्री उलटी करतो, कौले उडवतो. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर मोठ्या पवनचक्क्या उभ्या केल्या, त्या अशाच वाऱ्यासाठी. म्हणजे ऊन रजेवर गेले की वारा कामावर येतो. दोघांना एकाच बॅटरीवर जोडायचे, एवढीच ही युक्ती.

आता मोजणी करू. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट वीज लागते. समजा, वाडीत 20 घरे आहेत. प्रत्येक घरात 5 वॅटचे तीन दिवे पाच तास जळले, तर 75 वॅट-तास झाले. मोबाईल आणि किरकोळ वापर धरून शंभर म्हणा. 20 घरांचे झाले दोन युनिट. वाटेवर चार दिवे आणि सर्वांचा एक टीव्ही धरला, की अडीच युनिटांच्या थोडे वर जाते. तारांत आणि बॅटरीत काही वीज वाया जाते. म्हणून साडेतीन युनिट धरून चला.

मग कोणीतरी म्हणतो, "गिरणीपण जोडू की!" तीन अश्वशक्तीची गिरणी दोन तास चालली तर साडेचार युनिट खाते. सगळ्या वाडीच्या दिव्यांपेक्षा जास्त! गिरणी हवीच असेल तर प्लेटा तिप्पट-चौपट लागतील. ती भर दुपारी, उन्हातच चालवायची. रात्री बॅटरीवर दळण दळू नका.

पवनचक्कीला जागा फार महत्त्वाची. वारा दुप्पट झाला तर त्याची ताकद आठपट होते. निम्मा झाला तर आठवा हिस्सा उरतो. म्हणून झाडा-घरांच्या आडोशाला चक्की लावणे म्हणजे पैसे पाण्यात टाकणे. आसपास 300 फुटांत जे काही उंच असेल, त्यापेक्षा पाती निदान 30 फूट वर हवीत. अगदी कड्याच्या तोंडाशीही नको. तिथे वारा उसळून भोवऱ्यासारखा फिरतो आणि पाती खिळखिळी करतो. वादळात पाती आपोआप मंदावतील अशी सोय हवी, वीज पडण्यापासूनही बचाव हवा. आणि जागेसाठी भैरवनाथाच्या राईला हात लावू नका. ती राई पिढ्यान्‌पिढ्या राखलेली आहे. शिवाय हा मुलूख भीमाशंकर अभयारण्याचा. खड्डा खणण्याआधी वनखात्याची परवानगी घ्यावी.

कधी कधी ऊन नाही आणि वाराही पडलेला, असे होते. त्या दिवसांसाठी बॅटरी. दोन दिवसांचे सात युनिट लागतील. पण शिशाची बॅटरी निम्म्याखाली उतरली तर लवकर मरते. म्हणून चौदा युनिट मावतील एवढी घ्यावी. तिच्यात वेळेवर शुद्ध पाणी घालावे. विहिरीचे चालत नाही. आणि ती कितीही जपली तरी काही वर्षांनी बदलावी लागते. बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. नवी बॅटरी आणायला पैसा नसतो.

शेजारच्या जुन्नर तालुक्यात दरेवाडी आहे. तिथे 2012 साली 39 घरांसाठी सोलरची वीज आली. काम पुण्याच्या ग्राम ऊर्जाने केले, पैसा बॉश कंपनीच्या मदतीतून आला. तिथे पवनचक्की नव्हती. पण मला पटली ती त्यांची पैशाची रीत. घरोघर मीटर बसवले. जेवढी वीज वापरली तेवढे पैसे, आणि ते गोळा करायला गावकऱ्यांचाच ट्रस्ट. फुकट दिले असते तर कोणी दिवसाढवळ्याही दिवा विझवला नसता.

आपणही तसेच करू. दर महिन्याच्या जमेतला एक भाग नव्या बॅटरीसाठी बाजूला ठेवायचा. तो लग्नाला नाही, जत्रेलाही नाही. मीटरचे आकडे वाचून वहीत लिहायला बाहेरचा माणूस कशाला हवा? ह्या वर्गातल्या दोन बायांची नावे मी मनात धरली आहेत. वही मी आणली आहे. पहिल्या पानावर आज घरे आणि दिवे मांडून घेऊ. चला, पहिले घर कोणाचे?