माळवदाखालच्या पिढ्या



मराठवाड्यातल्या लोहाऱ्याच्या आसपासच्या एखाद्या खेड्यात अजून तग धरून असलेलं माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर दिसलं, की मला वाटतं, यात कोण कोण राहून गेलं ते कुणीतरी विचारायला हवं. गढीचा इतिहास लिहिला जातो. साध्या कुणब्याच्या घराचा कोण लिहिणार?

बांधणाऱ्या पहिल्या पिढीनं काळा दगड आणला. दोन्ही बाजूंनी दगड रचले आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती भरली. भिंती दोन-अडीच फूट, कुठे त्याहून रुंद. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या आणि सर्वांत वर पांढऱ्या मातीचा थर. दारातली बसायची ढाळज, ओसरी, धान्याचं बळद; छतातल्या सवण्यातून उजेड थेट चुलीपाशी उतरायचा. घर मोजायचं ते खणांवर. चैत्र-वैशाखाच्या उन्हात असं गार घर दुसरं नाही.

पुढची पिढी आली, माळवद गळू लागलं. जुना थर खरवडून काढायचा तर माणसं लागतात, म्हणून वर नवी माती टाकली. त्यापुढच्या पिढीनंही तेच केलं. भावांची वाटणी झाली, ओसरीत भिंत उठली, दुसरी चूल पेटली. नव्या खोलीला लाकूड परवडेना, तेव्हा खांब न उभारता तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या. निजामी राजवट गेली, कागदावरची उर्दू जाऊन मराठी आली. परगावचे गुरुजी भाड्यानं राहिले.  

मग 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. गणपती बोळवून लोक झोपले होते. चार वाजायला चार मिनिटं असताना जमीन हादरली. सास्तूर, होळी ही इकडची गावं, पलीकडे किल्लारी. सुमारे आठ हजार माणसं गेली. भिंतींचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, मधला भरणा ढासळला आणि पिढ्यान् पिढ्या चढवलेली माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. जिथे माळवद खांबांवर नीट पेललेलं होतं, तिथे काही घरांत भिंती पडूनही छत वरच राहिलं. म्हणून केवळ जुन्या बांधणीला दोष देणं मला मान्य नाही. आधीच्यांनी काय वाढवलं आणि काय वगळलं, त्यावर त्या पहाटे जगणं-मरणं ठरलं.

पुढे बावन्न गावं नव्या जागी वसली. कुटुंबाच्या शेतजमिनीच्या मानानं अडीचशे, चारशे किंवा साडेसातशे चौरस फुटांची घरं मिळाली. मजबूत, पण ढाळज नसलेली. ढाळजेत बसणारी म्हातारी माणसं कुठे बसली असतील, हा प्रश्न मला अजून छळतो.

तुमचं माळवद अजून उभं असेल, तर दोन कामं या उन्हाळ्यातच करा. वरची जादा माती उतरवा आणि जाणकाराकडून भिंतीत आरपार जोडदगड बसवून घ्या. खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे आधार द्या. दुसरं काम वहीचं. ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढा, पेटीतलं खरेदीखत, वाटणीपत्र बाहेर काढा. कागदावर नसलेली नावं घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: आलेल्या सुना, गेलेल्या लेकी, सालगडी, भाडेकरू. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत तुमच्या कुळाची नोंद सापडू शकते. पण ओसरीची भिंत कोणत्या वर्षी आणि कशामुळे उठली, हे तुमची आजीच सांगेल. तिला आजच विचारा आणि लिहून ठेवा.