पात्यावरची कल्हई



पितळी पातेल्याची कल्हई उडाली की आमटी कळकायची, हे आपल्या घरांत सांगावे लागत नाही. जेट इंजिनातले पातेही असेच राखावे लागते. ते निकेलच्या मिश्रधातूचे. साधारण १३५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते, आणि आजच्या इंजिनात भोवतालचा वायू त्याहून तापलेला! म्हणून पात्याच्या पोटातून हवा खेळवतात, वर झिर्कोनियाचा पातळ थर देतात. पण गंजापासूनचा खरा राखणदार त्याखालचा थर. त्यातल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची घट्ट साय धरते. एका अर्थी गंजच गंजाला अडवतो.

आपल्या गोव्यात खिडकीचे गज खाणारा खारा वारा इंजिनातही शिरतो. त्यातले मीठ इंधनातल्या गंधकाशी मिळून सोडियम सल्फेट होते. ते ८८४ अंशांना वितळते आणि ती साय विरघळवू लागते. साय पुन्हा धरते खरी, पण दर वेळी ॲल्युमिनियम खर्ची पडते. साठा संपला की पाते उघडे पडते, आणि तुटले तर मागची पातीही घेऊन जाते. म्हणून तंत्रज्ञ इंजिनात बारीक नळीवाटे कॅमेरा सोडून पाती पाहतात. थर झिजला असेल तर पाते उतरवून जुना काढतात, नवा चढवतात.